तळणीच्या उरलेल्या तेलावर डिझेल गाडी: दोन टाक्यांचं किट कसं निघालं

हे किट कोणी घेऊ नये ते आधी सांगून टाकतो, म्हणजे निम्म्या लोकांचा वेळ वाचेल. गाडी कॉमन रेलची (सगळ्या नोझलना एकाच प्रचंड दाबाच्या नळीतून इंधन पुरवणारी) असेल आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा डीपीएफ असेल, तर पुढचं केवळ करमणूक म्हणून वाचा. कॉमन रेलमध्ये इंधनाचा दाब १६०० ते २००० बारच्या घरात असतो आणि इंधन फवारणाऱ्या नोझलची भोकं जवळपास केसाएवढी बारीक. शिवाय डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर मधूनच थोडं जास्तीचं इंधन उशिरा सोडतो. डिझेल असेल तर त्याची वाफ होऊन पुढे जाते. खाद्यतेलाची अशी वाफ होत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं, पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरतं आणि थेट इंजिन ऑइलमध्ये जाऊन बसतं. त्याचं पुढे काय होतं ते खाली येईलच.

रोज दोन-चार किलोमीटर जाऊन येणाऱ्यानेही घेऊ नये. इंजिन तापेपर्यंत तुमचं ठिकाण आलेलं असतं, म्हणजे सगळा प्रवास डिझेलवरच. मग एवढा खटाटोप कशाला?

माझं दोन्ही बाबतीत जमून आलं. मी छापखान्यातली ऑफसेट यंत्रं दुरुस्त करतो. कामाची ठिकाणं लांब-लांब, एका बैठकीत दोन-तीन तास गाडी चालवणं नेहमीचं. गाडी जुनी, इनडायरेक्ट इंजेक्शनची डिझेल. म्हणजे इंधन थेट पिस्टनवर न पडता आधी एका छोट्या कोठीत, प्रीचेंबरमध्ये फवारलं जातं, तिथे पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. नोझल उघडायला शे-दीडशे बार पुरतात. पंप पूर्ण यांत्रिक, लाइनमध्ये बसणारा, इंजिन ऑइलमधून वंगण घेणारा. कुठेही सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. अशी इंजिनं बरंच काही पचवतात. मर्सिडीजचं पाच सिलिंडरचं ओएम ६१७ या मंडळींमध्ये एवढं लाडकं आहे ते त्यामुळेच.

किट म्हणजे काय ते थोडक्यात. खाद्यतेल डिझेलच्या मानाने फार दाट. चाळीस अंशांना डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक, तर बहुतेक खाद्यतेलांचा ३० ते ४०. इतकं दाट तेल नोझलमधून धुक्यासारखं फवारलं न जाता धारेसारखं पडतं. अर्धवट जळतं, नोझलच्या टोकाला कोळशाची पुटं चढतात, रिंगा आपल्या खाचांत चिकटतात. यावर दोन उपाय. एक, तेलावर रासायनिक प्रक्रिया करून त्याचं बायोडिझेल करायचं. दोन, तेल तसंच ठेवून ते तापवून पातळ करायचं. किट दुसरा मार्ग धरतं. गाडीची मूळ टाकी डिझेलची राहते आणि खाद्यतेलाला वेगळी टाकी बसते. डिझेलवर सुरू करायचं, इंजिन तापलं की त्याच्याच गरम कूलंटने, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याने, तेल तापवायचं, पुरेसं तापलं की बटण दाबून तेलावर जायचं. मुक्कामाला पोहोचण्याआधी परत डिझेलवर यायचं, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये दाट तेल उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिन गुमान सुरू होतं.

खोक्यात निघालं ते असं: स्टेनलेस स्टीलची टाकी, आत कूलंटचं वेटोळं. कूलंटची उष्णता तेलाला देणारा एक हीट एक्स्चेंजर, तोही स्टेनलेस पत्र्यांचा. तेलासाठी स्वतंत्र फिल्टर, त्याभोवती कूलंट फिरवणारं आवरण. दोन सोलेनॉइड (विजेवर फिरणारे) व्हॉल्व्ह, एक जाणाऱ्या इंधनाला आणि एक परत येणाऱ्या इंधनाला. डॅशबोर्डवर लावायचं बटण आणि तापमानाचा काटा. होज पाइप, टी-आकाराचे जोड, क्लॅम्प आणि एक पुस्तिका.

आधी जे आवडलं ते. तेलाला लागणारी कुठलीही वस्तू तांब्या-पितळेची नाही. हे दिसायला साधं, पण यावरूनच कळतं की किट बनवणाऱ्याला विषय समजलेला आहे. तांबं तेलाच्या सडण्याला हातभार लावतं. गरम तेल तांब्याच्या नळीतून सतत फिरलं तर त्याचा चिकटा होऊ लागतो. तांब्याची नळी वाकवायला सोपी, उष्णता झटकन देते, म्हणून घरगुती जुगाड करणारे हमखास तीच वापरतात आणि मग फिल्टर का तुंबतो म्हणून डोकं खाजवतात. जस्त चढवलेले पत्र्याचे डबेही नकोत. वापरलेल्या तेलातल्या आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखा थर तयार होतो. होज पाइप व्हायटॉनचे, म्हणजे तेल सोसणाऱ्या खास रबराचे दिलेत, तेही बरोबर. साधं रबर काही काळाने फुगतं, मऊ पडतं.

बसवायला माझा नेहमीचा मेकॅनिक सोबत होता. किट बघितल्यावर त्याचं पहिलं वाक्य, "बसवून देतो, पण पंप बसला तर माझ्याकडे बघायचं नाही." कूलंटचे पाइप हीटरच्या लाइनमधून काढले, टाकी डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात बसली. स्टेपनी आता डिकीत वर आडवी पडलेली असते, हा तोटा कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो.

चालवायला कशी? याचं उत्तर लोकांना फार नाट्यमय हवं असतं. प्रत्यक्षात बटण दाबल्यावर काहीच होत नाही. काही क्षणांनी इंजिनाचा आवाज किंचित मऊ येतो, डिझेलची ती टकटक थोडी बसते, बस. चढावर पिकअप जरा कमी वाटतो, पण मान्य करायला हवं की वाटायलाच हवा असं ठरवून बसलं तरच वाटतो. हिशेबही तेच सांगतो. वजनावर बघितलं तर खाद्यतेलात डिझेलपेक्षा सुमारे १२ टक्के ऊर्जा कमी, पण तेल डिझेलपेक्षा जड असल्यामुळे लिटरमागे हा फरक ५ टक्क्यांच्या आसपास येतो. मायलेज तेवढंच खाली येतं. "तेलावर ॲव्हरेज वाढलं" म्हणून सांगणाऱ्याने एकतर मोजलेलं नाही किंवा त्याला काहीतरी विकायचं आहे.

वासाबद्दल सगळेच विचारतात. हो, येतो. गरम कढईच्या आसपास येतो तसा, थोडा खवट. गाडीत बसलेल्याला फारसा जाणवत नाही, मागच्याला जाणवतो. मात्र वास घशाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा असेल तर ती गंमत नाही. याचा अर्थ तेल नीट जळत नाही. एकतर ते पुरेसं तापायच्या आत बटण दाबलंत, नाहीतर नोझल काढून तपासायची वेळ आली.

आता तक्रार. किटच्या तापमानाच्या काट्याचा सेन्सर बसवायला पुस्तिकेत जी जागा दाखवली आहे ती हीट एक्स्चेंजरच्या कूलंटच्या बाजूला आहे. म्हणजे काटा पाण्याचं तापमान दाखवतो, तेलाचं नाही. काटा ८० वर आला की तेलावर जा, असं पुस्तिका सांगते. मला यंत्रांच्या धंद्यामुळे कुठल्याही काट्यावर सहज विश्वास ठेवायची सवय नाही. मी पंपाच्या तोंडाशी, जिथून तेल आत जातं त्या पाइपवर, वेगळं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधून पाहिलं. डॅशबोर्डवर ८०, पंपाशी ५५. फिल्टरपासून पंपापर्यंतचा पाइप उघडा होता आणि पंख्याची हवा सरळ त्याच्यावर येत होती. पंचावन्न अंशांचं तेल ऐंशीच्या तेलापेक्षा बरंच दाट असतं. रोज तसंच चालवलं असतं तर काहीही बिघडल्याचं कळलं नसतं आणि नोझलवर शांतपणे कोळसा साचत राहिला असता.

उपाय खर्चाचा नव्हता. त्या पाइपला फोमचं आवरण चढवलं, त्याच्या अंगालगत कूलंटची परत जाणारी नळी बांधली आणि किटचा सेन्सर काढून एका टीमध्ये तेलाच्या धारेत बसवला. आता पंपाशी सत्तरच्या वर मिळतं. किटवाल्यांना मी हे फोटोंसह कळवलं. "सूचनेबद्दल आभार" एवढंच उत्तर आलं. पुढच्या खरेदीदारांच्या पुस्तिकेत बदल झालाय का ते माहीत असणाऱ्याने जरूर सांगावं. तोपर्यंत कोणतंही किट घ्या, काटा तेलात बुडालाय की पाण्यात, हे आधी बघा.

दुसरी तक्रार छोटी पण छळणारी. साधे स्क्रूचे क्लॅम्प दिलेत. पंप तेल ओढून घेतो आणि तेल दाट असल्यामुळे ओढताना पाइपात डिझेलपेक्षा जास्त पोकळी तयार होते. ज्या जोडातून थेंबभर तेल कधी बाहेर येत नाही, त्याच जोडातून हवा आत शिरते. मग गाडी एअर पकडते. आयडलला वरखाली होते, चढावर गचके देते आणि बघावं तर बाहेर गळतीचा डाग नाही. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक पाइप टाकला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात, मग जोड शोधणं सोपं. मी सगळे क्लॅम्प बदलून दोन्ही बाजूंनी सारखे आवळणारे घातले आणि टाकीजवळ एक छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला, म्हणजे तेल ओढलं न जाता ढकललं जातं. हा पंप खरं तर किटमध्येच यायला हवा होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी फार चांगली केली आहे. परतीचं इंधन. नोझलमधून उरलेलं इंधन परत टाकीत जातं हे बरेच जण विसरतात. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच क्षणी फिरले, तर डिझेलवर आल्याबरोबर लाइनमधलं उरलेलं खाद्यतेल डिझेलच्या टाकीत जाऊन पडेल. रोज थोडं-थोडं, आणि महिन्याभरात तुमचं डिझेल शुद्ध डिझेल राहणार नाही. या किटमध्ये परतीचा व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा फिरतो. आधी लाइन डिझेलने धुऊन निघते, ते मिश्रण तेलाच्या टाकीत जातं, मग परतीची वाट बदलते. अर्ध्या-एक मिनिटाचं काम. बटणाच्या वरचा दिवा तोपर्यंत लुकलुकत राहतो आणि तो स्थिर झाल्याशिवाय चावी काढायची नाही. नुसता हा दिवा पाहून मी किटवाल्यांचे बाकीचे गुन्हे थोडे माफ केले.

इथपर्यंत किट झालं. पण किट हा या उद्योगाचा लहान भाग आहे आणि हे विकत घेण्याआधी कोणी सांगत नाही. किट गाडीची सोय करतं. ते तेल गाडीच्या लायकीचं करणं हे तुमचं काम, दर आठवड्याचं, हात बरबटवणारं.

मी तेल एका मोठ्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातून आणतो. आल्या-आल्या त्यात पिठाची भुकटी, मीठ, जळकी कणी आणि पाणी असतं. कणी दिसते म्हणून लोक तिच्या मागे लागतात. खरा शत्रू पाणी. पंपातल्या घासून-चकचकीत केलेल्या भागांना त्याने गंज चढतो, आणि पंप हाच या गाडीतला सर्वांत महाग अवयव.

पाणी आहे की नाही हे ओळखायची रीत अगदी स्वयंपाकघरातली आहे. लोखंडी पसरट तवा चांगला तापवायचा, शंभर अंशांच्या बराच वर, पण धूर येईल इतका नाही. त्यावर चमचाभर तेल सोडायचं आणि कान देऊन ऐकायचं. तडतडलं किंवा तेलात बारीक बुडबुडे उठले तर पाणी आहे. तेल नुसतं पसरलं, त्यावर लाटांसारख्या रेघा हलल्या आणि काहीच आवाज आला नाही तर ते तेल कोरडं. चष्मा लावा आणि तोंड लांब ठेवा, कारण ओलं तेल उडतं. मी प्रत्येक कॅन असा तपासूनच टाकीत ओततो. तपासणीची महागडी साधनंही मिळतात, पण तव्याइतकं झटपट काही नाही.

तेल कोरडं करायला घाई चालत नाही. ड्रममध्ये ते साठ अंशांपर्यंत हळूहळू तापवायचं, मग बंद करून सावकाश गार होऊ द्यायचं. गरम तेलात विरघळलेलं पाणी तेल गार झालं की सुटतं आणि जड असल्यामुळे साक्याबरोबर तळाशी बसतं. माझ्या ड्रमला दोन तोट्या आहेत. एक अगदी तळाला, साका आणि पाणी काढायला. दुसरी वीतभर वर, चांगलं तेल काढायला. शेवटी राहिलेलं गढूळ तेल पिळून घ्यायचा मोह फार होतो, तो आवरायचा. ते पुढच्या खेपेच्या ड्रममध्ये जातं. वरचं तेल आधी कापडी पिशवीतून, मग पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधून. एवढं केलं तर गाडीतला फिल्टर बराच टिकतो. नाही केलं तर गाडी रस्त्यातच फिल्टर मागते, आणि गरम, चिकट फिल्टर रस्त्याच्या कडेला बदलणं हा अनुभव वैऱ्यावरही येऊ नये.

तेल बघून घ्यायला शिका. थंडीत गोठून पांढरं पडणारं तेल, म्हणजे पाम किंवा वनस्पती तुपासारखं, टाकीत आणि पाइपात थिजून बसतं. कूलंट तापेपर्यंत ते हलत नाही. म्हणून पातळ राहणारं तेल बरं वाटतं. पण त्यातही मेख आहे. जे तेल थंडीतही पातळ राहतं, तेच हवेशी संयोग पावून लवकर चिकट होतं. रसायनशास्त्रात याला आयोडीन मूल्यावरून मोजतात. जर्मनीत इंजिनासाठी रेपसीड तेलाचं डीआयएन ५१६०५ नावाचं मानक आहे, त्यात या मूल्याची कमाल मर्यादा १२५ घातलेली आहे ती उगाच नाही.

हे मला पटवून द्यायची कोणाला गरज पडली नाही. छपाईची शाई पिढ्यानपिढ्या जवसाच्या तेलात होत आली. जवसाचं तेल शाईला चालतं ते त्याच्या वाळण्याच्या गुणामुळे. डबा उघडा राहिला की शाईवर सायीसारखा थर येतो, तो पाण्याने जात नाही, घासून जात नाही, सुरीने कापून काढावा लागतो. जळायचं राहिलेलं खाद्यतेल रिंगांच्या बाजूने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळलं की तिथेही हेच होतं, फक्त तिथे ते शंभर अंशांना होतं आणि सुरी घालायला जागा नसते. ऑइल दाट होत जातं आणि फारच दुर्लक्ष झालं तर त्याची अक्षरशः लापशी होते. तेव्हा बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचत नाही आणि इंजिन संपतं. म्हणून मी इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यातच बदलतो आणि डिपस्टिकवरची पातळी आठवड्याला बघतो. ऑइलची पातळी कमी व्हायची तर वाढायला लागली, तर खूश व्हायचं कारण नाही. इंधन खाली उतरतंय. हा ऑइलचा जादा खर्च धरल्याशिवाय "फुकटात गाडी चालते" असं म्हणू नये.

साठवणीबद्दल एक बरी बातमी आणि एक वाईट. बरी ही की खाद्यतेल सहजासहजी पेट घेत नाही. त्याचा ज्वलनबिंदू दोनशे अंशांच्या वर, डिझेलचा पंचावन्नच्या आसपास. वाईट ही की तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेटू शकतात. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निघते आणि चिंध्यांच्या ढिगात ती बाहेर पडायला वाव नसतो. छापखान्यात आम्ही अशा चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. घरीही तेच करा, नाहीतर एकेक चिंधी पसरून वाळत घाला.

आता डिझेल इंजिनाचा शोध लावणाऱ्या रुडॉल्फ डिझेलच्या त्या गोष्टीबद्दल, कारण किटच्या पुस्तिकेतही ती पहिल्याच पानावर आहे. "डिझेलने आपलं इंजिन मुळात शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं होतं." असं काही नव्हतं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो नावाच्या कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं, फ्रेंच सरकारला आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी तो प्रयोग हवा होता म्हणून. ते इंजिन खनिज तेलासाठीच बनवलेलं होतं आणि काहीही न बदलता या तेलावर इतकं सुरळीत चाललं की पाहणाऱ्यांपैकी थोड्याच जणांना फरक कळला. हे डिझेलनेच पुढे १९१२ मध्ये लिहून ठेवलं आहे. खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा जास्त चांगली असताना खोटी का छापतात कोण जाणे. आणि ती गोष्ट तेव्हाच्या ठोकळेबाज, संथ इंजिनाची होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

बायोडिझेल का नाही केलं, असं बरेच जण विचारतात. त्यात तेल, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश यांची प्रक्रिया होते, ग्लिसरीन वेगळं होऊन खाली बसतं आणि वर राहतं ते जवळजवळ डिझेलइतकं पातळ इंधन. १९३७ साली बेल्जियममध्ये शावान नावाच्या संशोधकाने अशाच इंधनाचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळे ही काही कालची कल्पना नाही. गाडीत काहीच बदलावं लागत नाही, ही मोठी सोय. पण मिथेनॉल विषारी, त्याची वाफ डोळ्यांना आणि मेंदूला घातक, आणि त्याची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही. घराच्या मागच्या खोलीत हा कारखाना मांडायची माझी तयारी नाही. तुमच्या हाताशी नीट बांधलेली, हवेशीर, आगीची सोय असलेली जागा असेल तर गोष्ट वेगळी.

कायद्याचं आधी विचारून घ्या. प्रत्येक देशात वेगळं आहे. ब्रिटनमध्ये २००७ पासून वर्षाला २५०० लिटरपर्यंत असं इंधन स्वतःसाठी बनवणाऱ्याला इंधनकर द्यावा लागत नाही. अमेरिकेत केंद्रीय पर्यावरण खात्याच्या दृष्टीने प्रमाणपत्र नसलेल्या किटने गाडी बदलणं हे हवा-प्रदूषण कायद्याचं उल्लंघन ठरू शकतं. विमा कंपनीलाही डिकीतल्या दुसऱ्या टाकीबद्दल लेखी कळवा. अपघातानंतर कळवलं तर ते तुमच्याच विरुद्ध वापरलं जाईल.

आणि तेल मिळणं. पूर्वी हे तेल उचलून नेणाऱ्याचे लोक आभार मानत. आता तसं राहिलेलं नाही. हेच तेल मोठ्या कारखान्यांत विमानाच्या इंधनासाठी जातं. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला शंभर टक्के पर्यायी इंधनावर गेलं, त्यात मोठा वाटा टाकाऊ तेल-चरबीपासून केलेल्या इंधनाचा होता. अमेरिकेत तर हॉटेलांच्या मागच्या टाक्यांमधून जुनं तेल चोरीला जातं. माझ्या स्वयंपाकघरवाल्यांनाही एका गोळा करणाऱ्याकडून विचारणा झाली आहे. अजून ते मला देतात, कारण मी ठरल्या दिवशी येतो, कॅन धुऊन परत करतो आणि त्यांच्या मागच्या दारात सांडलेलं पुसून जातो. हे जमणार नसेल तर तेलाचा भरवसा धरू नका. विकत तेल घेऊन ही गाडी चालवण्यात काहीच अर्थ नाही.

माझा निवाडा: किट चांगलं आहे, पुस्तिका वाईट आहे. धातू आणि व्हॉल्व्हची निवड उत्तम, सेन्सरची जागा चुकीची, क्लॅम्प सुमार, पंप राहून गेलाय. पाच पैकी साडेतीन. इनडायरेक्ट इंजेक्शनची धडधाकट गाडी, लांबचा रोजचा पल्ला, ड्रम ठेवायला छपराखालची जागा आणि तेलाचा एक बांधलेला ठिकाणा, या चारही गोष्टी असतील तर जरूर घ्या. तीनच असतील तर नको. बसवण्याआधी नोझल काढून तपासून घ्या आणि सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) मोजून लिहून ठेवा. मेकॅनिकने मला हा आग्रह केला तेव्हा फुकटचा खर्च वाटला होता. आता दर सर्व्हिसिंगला तेच आकडे शेजारी ठेवून बघतो, त्याशिवाय आत काय चाललंय ते कळायला दुसरा मार्ग नाही. सध्या तरी आकडे जागेवर आहेत, आणि मेकॅनिक अजून पंपाकडे बघायलाही तयार नाही.